घुमट आरतीचं त्रिमिती रेकॉर्डिंग: माइक कुठला, त्याआधी माइक कुठे

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट (मडक्याला कातडं लावलेलं वाद्य), शमेळ (हेही चर्मवाद्य) आणि कांसाळी (झांजा) यांच्या साथीने घुमट आरती म्हणतात. फोंडा तालुक्यातल्या एका तरुणाने मला विचारलं आहे: "काका, गेल्या चवथीला आमच्या घरच्या घुमट आरतीचं रेकॉर्डिंग केलं. दोन मोबाइल खोलीच्या दोन टोकांना ठेवले आणि नंतर एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला असे जोडले. मोठा भाऊ बोटीवर असतो, त्याला पाठवलं. तो म्हणाला, मध्ये कोणीच नाही, सगळे भिंतींना चिकटून वाजवतायत, आणि शेवटी तर प्रत्येक थाप दोनदा ऐकू येते. मग मित्राकडून कानात घालायचे माइक आणून एक तुकडा केला. तो छान झाला, पण समोर बसलेला शमेळवाला पाठीमागून वाजवतोय असं भावाला वाटलं. यंदा ४० हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. ॲटमॉसचा माइक कुठला घेऊ?"

ॲटमॉसचा माइक असा काही प्रकारच नसतो. हे आधी सांगतो, म्हणजे पैसे तेवढ्यापुरते तरी घरात राहतील. ॲटमॉस ही डॉल्बी कंपनीची आवाज साठवायची आणि ऐकवायची पद्धत आहे, पकडायची नव्हे. 'स्पेशिअल' (त्रिमिती) म्हणून जे खोकं दाखवतात ते बऱ्याचदा नुसतंच 'स्पेशल' असतं, आणि दुकानदार दोन्ही एकाच भावात विकतो. तुझ्या भावाच्या तिन्ही तक्रारी मात्र इतक्या नेमक्या आहेत की त्या एकेक उलगडल्या तरी तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळेल.

आधी दोन मोबाइल. खोली वीस फुटी धरू, म्हणजे सहा मीटर. आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, एक मीटर ओलांडायला जवळजवळ ३ मिलिसेकंद. डाव्या मोबाइलशेजारच्या घुमटाची थाप उजव्या मोबाइलपर्यंत पोचायला १७ मिलिसेकंद लागल्या. आता भावाचं डोकं बघ. एका कानाजवळून निघालेल्या आवाजाला डोक्याला वळसा घालून दुसऱ्या कानापर्यंत जायला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद लागतात. जन्मापासून त्याचा मेंदू एवढ्याच फरकावर पोसलेला आहे. त्याच्यापुढे १७ ठेवलेस तर 'व्वा, केवढी मोठी खोली' असं काही तो म्हणत नाही. ज्या कानात थाप आधी आली त्या कानाला ती चिकटवून तो मोकळा होतो. म्हणून सगळे भिंतीला, आणि मध्ये भोक.

थाप दोनदा ऐकू येण्याचं कारण वेगळं. प्रत्येक मोबाइलच्या पोटातलं घड्याळ आपल्या चालीने चालतं. दोघांत दशलक्षात वीस भागांचा फरक सहज असू शकतो. ऐकायला तो काहीच वाटत नाही, पण वीस मिनिटांच्या आरतीत त्याचे २४ मिलिसेकंद साचतात. सुरुवातीची टाळी कितीही जुळवून लावलीस तरी शेवटच्या आरतीला दोन घुमटं वाजणारच. जे दोन माइक दोन कानांसाठी आहेत ते एकाच यंत्रात, एकाच घड्याळावर हवेत. इथे तडजोड नाही.

डावं-उजवं कसं कळतं हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलं, आणि त्याचा पाया अजून हललेला नाही. साधारण १५०० हर्ट्झच्या खाली मेंदू दोन कानांत आवाज पोचण्याच्या वेळेतला फरक मोजतो. त्याच्या वर डोक्याची सावली पडते, लांबच्या कानाला आवाज हळू ऐकू येतो, आणि मेंदू तो फरक धरतो. घुमटाचा 'घूं' पहिल्या वाटेने येतो, कांसाळ्यांची किणकिण दुसऱ्या. वेळेच्या बाबतीत कान किती तिखट? समोरून येणाऱ्या आवाजात १० मायक्रोसेकंदांचा फरकही माणूस ओळखू शकतो. इथे हटकून कोणीतरी म्हणतो की ४८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेणाऱ्या, रेकॉर्डिंगमध्ये दोन नमुन्यांतलं अंतरच २१ मायक्रोसेकंद, मग ९६ हवं की! नको. नमुन्यांमधून जी लहर पुन्हा उभी राहते तिच्यातली वेळ नमुन्यांच्या अंतरापेक्षा कितीतरी बारीक असू शकते. ४८ ठेव आणि उरलेली जागा कार्डात राहू दे.

आता माझी एक फजिती सांगतो, कारण तिच्यात या विषयाचा दुसरा खांब आहे. जत्रेतलं नाटक होतं, देवळासमोरचं पटांगण, प्रेक्षक लांबपर्यंत बसलेले. मागच्या लोकांसाठी मी पाऊण पटांगणावर आंब्याला दोन स्पीकर बांधले आणि घाईत त्यांना डिले द्यायचा, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम जरा उशिरा सोडायचा, विसरलो. रंगमंचापासून ते २८ मीटर लांब. तारेतून वाक्य तिथे क्षणात पोचायचं, हवेतून यायला ८० मिलिसेकंद लागायचे. परिणाम असा की मागच्या निम्म्या लोकांना राजा आंब्याच्या झाडावरून बोलत होता आणि त्याचा प्रतिध्वनी रंगमंचावरून येत होता. एका आजोबांनी मध्यंतरात येऊन विचारलं, "नट खंय उबो आसा रे?" दुसऱ्या अंकाआधी मी ९५ मिलिसेकंद घातले, हवेचे ८० आणि वर १५. स्पीकर तेवढ्याच जोरात वाजत राहिले, पण राजा रंगमंचावर परतला. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या सुमारास ग्योटिंगेनमध्ये हेच दाखवून दिलं होतं: आधी येणारा आवाज दिशा ठरवतो. मागून येणारा आवाज ५ ते ३० मिलिसेकंदांच्या आत आला तर तो १० डेसिबलपर्यंत मोठा असला तरी वेगळा ऐकू येत नाही, पहिल्यातच मिसळून त्याला बळ देतो. त्या १५ मिलिसेकंदांची किंमत तेव्हा मला शून्य रुपये पडली. तेव्हापासून कोणी जास्त स्पीकर मागितले की मी आधी विचारतो, घड्याळ कोण लावणार?

तुझ्या घरातल्या खोलीतही हेच चाललेलं असतं, फक्त दुसऱ्या स्पीकरच्या जागी भिंत असते. शमेळाचा आवाज सरळ येतो, मग ४-५ मिलिसेकंदांनी जमिनीवरून, मग बाजूच्या भिंतीवरून, मग कौलांवरून. हे मागून येणारे आवाज वेगळे ऐकू येत नाहीत, पण तेच मेंदूला सांगतात की शमेळ डोक्याच्या आत नाही, बाहेर अमुक हातांवर आहे. हेडफोनमध्ये आवाज कवटीत अडकल्यासारखा वाटतो तो बहुतेक वेळा या पहिल्या परतींच्या अभावी. 'एट-डी ऑडिओ' म्हणून जे फिरत असतं ते साधं गाणं डावी-उजवीकडे गरगर फिरवून वर थोडा घुमारा शिंपडलेला असतो. आठ मिती वगैरे काही नाहीत, तिसरीचेच वांधे. पणजीच्या कला अकादमीत दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले सज्जे आणि त्यात बसलेले प्रेक्षक आठव. डोळा फसतो, कारण ते चित्र खऱ्या सभागृहाच्या आधाराने उभं आहे. तेच चित्र कागदावर काढून कपाळाला चिकटवलं तर कोण फसेल?

आता शमेळवाला मागे का गेला. समोर ३० अंशांवर असलेला आणि पाठीमागे तितक्याच कोनात असलेला आवाज दोन्ही कानांना जवळजवळ सारख्याच वेळी आणि सारख्याच जोराने पोचतात. डावं-उजवं ओळखण्याचं सगळं गणित इथे पांगळं पडतं. मग मेंदू कानाच्या पाळीकडे जातो. पाळीच्या वळणांमुळे वरच्या पट्टीत, विशेषतः ५-६ किलोहर्ट्झच्या पुढे, काही जागा दबतात, काही उचलल्या जातात, आणि आवाज पुढून, मागून की वरून आला त्यानुसार हा ठसा बदलतो. प्रत्येकाची पाळी वेगळी, म्हणून ठसाही वेगळा. कानातले माइक तू तुझ्या कानात घातलेस आणि ऐकलं भावाने. त्याला उसने कान मिळाले. खऱ्या आयुष्यात शंका आली की आपण मान जराशी वळवतो आणि पुढे-मागेचा निकाल लागतो. रेकॉर्डिंगमध्ये मान वळवली तर सगळी आरतीच मानेबरोबर फिरते, म्हणून शंका तशीच राहते. त्यातून शमेळवाला त्याला दिसतही नव्हता. दिसणाऱ्या आवाजाला मेंदू हटकून पुढे ठेवतो आणि न दिसणाऱ्याला बऱ्याचदा मागे ढकलतो.

गेल्या काही वर्षांत खरी प्रगती झाली ती याच ठिकाणी. इअरफोनमधले संवेदक डोकं किती वळलं ते मोजतात आणि आवाज उलट दिशेने तेवढाच वळवतात, म्हणजे गणपती आपल्या जागी राहतो. ॲपलने २०२० मध्ये हे एअरपॉड्समध्ये आणलं, आणि २०२२ पासून फोनच्या कॅमेऱ्याने कान स्कॅन करून ठसा जवळपास आपल्या मापाचा करून घ्यायची सोय दिली. एकेकाळी यासाठी माणसाला प्रतिध्वनीरहित खोलीत खुर्चीवर बसवून, कानाच्या तोंडाशी माइक ठेवून, शेकडो दिशांनी आवाज वाजवावे लागत. आजही अचूक माप तसंच घेतात, पण रोजच्या वापराला फोन पुरतो. अर्थात हे सगळं तेव्हाच कामाचं, जेव्हा रेकॉर्डिंग वळवता येण्यासारखं असेल. कानातल्या माइकचं रेकॉर्डिंग वळत नाही. त्यात डोकं आधीच भाजून निघालेलं असतं.

वळवता येणारं रेकॉर्डिंग म्हणजे ॲम्बिसॉनिक्स. मायकल गर्झन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे गणित इंग्लंडमध्ये मांडलं आणि पीटर क्रेव्हन यांच्यासोबत त्यासाठीचा माइकही काढला: चतुष्फलकाच्या चार बाजूंना चार कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारे माइकचे चार दाणे. त्या चारांतून गणिताने चार नवे चॅनल काढायचे: एक सगळीकडचा आवाज सारखा घेणारा, एक पुढे-मागे, एक डावं-उजवं, एक वर-खाली. दिशा चॅनलमध्ये नसते, चौघांच्या प्रमाणात असते. म्हणून नंतर सगळं दृश्य साध्या त्रिकोणमितीने वळवता येतं. याचं बीज त्याहून जुनं आहे. १९३१ मध्ये ॲलन ब्लमलाइन यांनी स्टिरिओचं पेटंट दाखल केलं, तेव्हाच एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन माइकांच्या बेरीज-वजाबाकीतून दिशा निघते हे त्यांना ठाऊक होतं. गर्झननी त्याला वर-खाली जोडलं, आणि मग पुरेसे वेगवान प्रोसेसर खिशात येईपर्यंत ही विद्या जवळजवळ चाळीस वर्षं कपाटात पडून होती.

तिची मर्यादाही समजून घे. चार चॅनलची पहिली श्रेणी डोक्याएवढ्या जागेत ध्वनीचं क्षेत्र साधारण ६००-७०० हर्ट्झपर्यंतच नीट उभं करते. वरच्या पट्टीत चित्र धूसर होतं. तिसऱ्या श्रेणीला सोळा चॅनल लागतात आणि हद्द १९००-२००० पर्यंत सरकते. पण तेवढ्या कॅप्सूलचे माइक तुझ्या ऐपतीबाहेर आहेत, माझ्याही होते. इथे ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोठी सुंदर युक्ती मांडली. वरच्या पट्टीत कान तसाही लहरीचा टप्पा (फेज) मोजत नाही, जोर मोजतो. मग तिथे टप्पा जुळवायच्या नादी न लागता फक्त जोर नीट जुळवावा. एवढ्यानेच चार चॅनलची आरती हेडफोनवर खूप स्वच्छ झाली. त्यांची आयईएम नावाची प्लगिनं फुकट आहेत, त्यातल्या बायनॉरल डिकोडरमध्ये, म्हणजे चार चॅनल दोन कानांसाठी उतरवणाऱ्या प्लगिनमध्ये, हीच पद्धत वापरली आहे. माझ्यासारख्या जुन्या माणसाचा 'पहिली श्रेणी म्हणजे चिखल' हा आग्रह त्या डिकोडरने मोडला.

एक सूचना स्वतःच्या खर्चाने शिकलेली. एका वाड्यावर जागा नव्हती म्हणून मी असा चार कॅप्सूलचा माइक माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीच्या, लाकडाला उलटा टांगला आणि यंत्राला 'उलटा' असं सांगायला विसरलो. घरी येऊन ऐकतो तर दारावरची घंटा पायाखाली, आणि भटजी डावीकडचे उजवीकडे. चूक दुरुस्त होते, आडवा अक्ष धरून अर्धं वळण दिलं की झालं, पण चूक कुठे आहे हे शोधण्यात माझी अख्खी रात्र गेली. म्हणून आता प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी स्वतः पुढे, डावीकडे, मागे, उजवीकडे जाऊन टाळी वाजवतो आणि तोंडाने सांगतो: पुढे, डावं, मागे, उजवं. हसायचं असेल तर हस.

मग ॲटमॉसचं काय? २०१२ मध्ये 'ब्रेव्ह' चित्रपटाबरोबर ते थिएटरात आलं. त्यातली कल्पना अशी: आवाज अमुक स्पीकरला न बांधता तो एक वस्तू मानायचा आणि त्यासोबत तो खोलीत कुठे आहे ते आकड्यांत लिहून ठेवायचं. एकूण १२८ पर्यंत चॅनल आणि वस्तू, थिएटरात ६४ पर्यंत स्पीकर, आणि वाजवायच्या क्षणी समोर जे काही असेल, ६४ असोत की दोन कान, त्यानुसार हिशेब. स्टुडिओत एकेक वाद्य वेगळं घेतलेलं असेल तर हे उत्तम. घुमट आरतीत ते फसतं, आणि का फसतं ते जाहिरातीत कधी नसतं. पाच घुमटं, शमेळ, कांसाळी आणि पंधरा गळे तीन मीटरच्या वर्तुळात. प्रत्येकापुढे माइक लावलास तरी प्रत्येक माइकमध्ये बाकीचे सगळे येणारच. आता शमेळाची 'वस्तू' उचलून डावीकडे नेलीस. तिच्या माइकमधला शमेळ डावीकडे गेला, पण शेजारच्या चार माइकांत झिरपलेला शमेळ जिथे होता तिथेच राहिला. एका शमेळाचे पाच झाले, काही मिलिसेकंदांच्या फरकाने, आणि सगळं गढूळ.

झिरपलेला आवाज वेगळा काढायला आता न्यूरल नेटवर्क आहेत, डेमक्स वगैरे. गाणं आणि वाद्यं वेगळी करण्यात ती खरोखर थक्क करतात. पण त्यांचे नेहमीचे कप्पे म्हणजे गळा, ड्रम, बेस आणि इतर. मी घुमट दिलं तेव्हा थापेचा फटका ड्रममध्ये गेला आणि 'घूं' बेसमध्ये. जुन्या कॅसेटमधून आजोबांचा गळा सोडवायला वापर. घुमटाचे दोन तुकडे करायला नको.

घुमट मुळात एका ठिकाणाहून वाजतच नाही. मोठ्या तोंडावर कातडं, उजव्या हाताची थाप तिथे. लहान तोंड उघडं, त्यावर डावा तळवा. तळव्याने तोंड झाकत नेलं की मडक्यातल्या हवेचा सूर खाली सरकतो, उघडलं की वर येतो. फटका एका टोकाने बाहेर पडतो, 'घूं' दुसऱ्या टोकाने. कातड्यासमोर वीतभर अंतरावर माइक लावणारा माणूस निम्मं घुमट घरी नेतो. मीटर-दीड मीटर मागे ये, दोन्ही टोकं हवेतच जुळतात. २०१९ मध्ये राज्याने याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. घोरपडीचं कातडं कायद्याने बंद झाल्यावर आता बहुतेक बकऱ्याचं असतं, आणि चवथीच्या दमट हवेत ते ढिलं पडतं. शेकून घट्ट केल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सूर हलतो, तेव्हा खरं रेकॉर्डिंग दुसऱ्या आरतीपासून धर.

आता जागा, जी तुझ्या ४० हजारांपेक्षा मोलाची आहे. डब्ल्यू. सी. सॅबिन यांचं शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचं सूत्र अजून कामाला येतं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले शोषण, की घुमारा किती सेकंद रेंगाळतो ते निघतं. हिशेबापुरती मघापेक्षा मोठी खोली घेऊ, दहा बाय आठ मीटर आणि उंची पाच, ४०० घनमीटर. सिमेंटचा गिलावा, टाइल्सची जमीन, रिकामी असताना घुमारा दोन सेकंद असेल तर शोषण ३२ चौरस मीटर झालं. एक उभा माणूस म्हणजे ढोबळमानाने अर्ध्या चौरस मीटरला थोडी कमी अशी उघडी खिडकी. साठ माणसं आली की २७ चौरस मीटर वाढले आणि घुमारा एक सेकंदाच्या जरासा वर आला. म्हणजे सकाळी रिकाम्या खोलीत चाचणी घेऊन 'फारच घुमतंय' म्हणून गोधड्या टांगू नकोस. तुझे नातेवाईक हीच तुझी गोधडी. उघड्या चिऱ्याची भिंत असेल तर देवाचे आभार मान, तिच्या छिद्रांत वरची किणकिण मुरते आणि खडबडीमुळे परत येणारा आवाज विखुरतो. गुळगुळीत गिलाव्याच्या दोन समोरासमोरच्या भिंती मात्र वाईट. मध्ये उभा राहून एक टाळी वाजव. 'टर्र' असा धातूसारखा शेपटीचा आवाज आला तर एका भिंतीला तरी चटया, खुर्च्या, कपाट, काहीही लाव.

माइक कुठे ठेवायचा याला माझं एकच उत्तर: भाऊ घरी असताना आरतीला कुठे उभा राहायचा? तू हे लिहिलेलं नाहीस, पण तुला ठाऊक असणार. कांसाळी वाजवायचा की दाराच्या चौकटीला टेकून उभा असायचा? त्याच जागी, त्याच्या कानांच्या उंचीवर, तोंड तो करायचा त्याच दिशेला. खोलीचा मध्यबिंदू गाठायच्या भानगडीत पडू नकोस. मध्यबिंदूवर कोणीच उभं नसतं, तिथे समई असते.

ऐकणारा एकच आहे आणि तो हेडफोनवर ऐकणार आहे. त्यामुळे तुझ्यासाठी कानातले माइक विकत घे, आणि चार कॅप्सूलचा रेकॉर्डर चवथीच्या दोन दिवसांपुरता भाड्याने आण. कानातले माइक घरातल्या अशा माणसाला घाल ज्याचं डोकं आणि कान भावासारखे आहेत. काका असतील, चुलतभाऊ असेल. तो वाजवणार नाही, गाणार नाही, मान हलवणार नाही. त्याच्या स्वतःच्या गळ्याचा आवाज माइकला सर्वांत जवळचा, तो बाकी सगळं झाकतो. असा निश्चल माणूस गोव्यात चवथीला मिळणं कठीण, हे मला मान्य आहे. मी एकदा असोल्या, म्हणजे न सोललेल्या, नारळाच्या दोन बाजूंना कॉलर माइक चिकटवून काम भागवलं. डोक्याच्या मापाचा असोला निवडला तर डावं-उजवं झकास येतं. पाळ्या नाहीत म्हणून वर-खाली येत नाही, आणि पाहुणे विचारत राहतात की हा कुठल्या देवाचा.

पातळी लावताना सर्वांत जोरदार आरतीचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव. यंत्रात ३२-बिट फ्लोट, म्हणजे पातळी नंतरही सावरता येईल असं रेकॉर्डिंग, असेल तर पातळीची चिंता सोड, पण आवाज माइकच्या कॅप्सूलमध्येच फाटू शकतो, त्याला फ्लोट वाचवत नाही. पंखे बंद. फ्रिज बंद, आणि त्यात मोटारीची चावी ठेव म्हणजे नंतर परत चालू करायला विसरणार नाहीस. फटाक्यांचं बघ, ते तुझ्या हातात नाही.

भावाला पाठवताना व्हॉइस मेसेज म्हणून कधीच पाठवू नकोस. तो एका चॅनलचा होतो आणि सगळी मेहनत एका ठिपक्यात गोळा होते. दोन चॅनलची फाइल कर, २५६ केबीपीएस एएसी, मिनिटाला दोन एमबीच्या आत बसते, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव. बोटीवरचं नेट संथ असेल तर अर्धीच आरती पाठव, पण बिटरेट उतरवू नकोस. खालच्या बिटरेटला कोडेक, म्हणजे फाइल आवळणारा प्रोग्राम, पहिली काटछाट डाव्या-उजव्यातल्या फरकावर करतो, आणि आपला सगळा जीव त्या फरकातच आहे. त्याला सांग, फोनमधली डॉल्बी, 'सराउंड', बास वाढवणारं काय असेल ते बंद कर. डोक्याचा ठसा आवाजात आधीच आहे, वरून फोनने दुसरा मारला तर शमेळवाला कुठे जाईल ते मी सांगू शकत नाही. स्पीकरवर तर ऐकूच नये. चार चॅनलची मूळ फाइल मात्र जपून ठेव. पुढेमागे भाऊ डोकं मोजणारे इअरफोन घेईल, तेव्हा त्याच रात्रीची आरती वळणाऱ्या मानेसकट पुन्हा काढता येईल.

आणि पुढे-मागेचा घोळ यंदा कमी करायला एक घरगुती उपाय. कानातल्या माइकने अशाच टाळ्यांचा एक वेगळा तुकडा कर आणि भावाला चवथीच्या चार दिवस आधी, जागांची नावं कापून पाठव. आठ टाळ्या, आठ जागांवरून: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि मधल्या चार कोनांतून. त्याला कागदावर लिहून कळवायला सांग, कुठली कुठून आली. जितक्या पुढच्या टाळ्या तो 'मागून' लिहील तितके तुझ्या घरातले ते कान त्याच्यासाठी वाईट. मग कानातले माइक दुसऱ्या कोणाच्या तरी कानात घालून पुन्हा पाठव. आईचे कान वापरून बघितलेस का?